बावीस बटणांची चाल

धाकटीनं खोडरबर चालवला, तिथून सगळं सुरू झालं. ह्या घरात माझ्यासमोर कुणी तोंड चालवलेलं मी एक वेळ खपवून घेतलं असेल. पण ह्यांच्या हातच्या पेन्सिलीवर खोडरबर चालवायचा आणि वर माझ्याच खोलीत येऊन सांगायचं, "आई, वही कशी लख्ख केली बघा," हे काही मी खपवून घेणार नव्हते. घेतलंही नाही. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. माझं न बोलणं काय असतं ते ह्या घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत आहे.

हे म्हणजे माझे यजमान. नाटकमंडळीत पियानो वाजवायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची बायको. शाळेत मुलांना गाणं शिकवते, पियानोवर हात बरा आहे, पण हे मी तिच्या तोंडावर कधी बोललेली नाही. तिला एक नाद आहे. कुणाच्या खिजगणतीत नसलेली जुनी गाण्याची नाटकं शोधून काढायची, चार हौशी माणसं जमवायची आणि वाचनालयाच्या सभागृहात ती वाचायची. त्याला अभिवाचन म्हणतात. म्हणजे नाटक करायचं, पण पडदा नाही, रंग नाही, कपडे नाहीत. माणसं घरच्या कपड्यांत उभी, पुढ्यात कागद लावलेले स्टँड. गाणी गायची, बोलणी बोलायची, आणि बाकीचं सगळं, म्हणजे कोण कुठून आलं, कोण दचकलं, अंधार कधी झाला, ते एकानं कडेला बसून वाचून दाखवायचं.

"म्हणजे भुकेल्या माणसाला ताट वाचून दाखवायचं की गं," मी म्हटलं होतं.

ती हसली. मी चेष्टा करत नव्हते.

यंदा तिला ह्यांच्या ट्रंकेत 'टोप्यांचं दुकान' सापडलं. फार जुनं नाटक, एकोणीस प्रयोग झाले, मग नाटकगृहाचं छत गळायला लागलं आणि मंडळी पांगली. आज ते कुणाला आठवत नाही. गोष्ट साधी आहे. टोप्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी असते, सदा हसणारी, पिवळा फ्रॉक घातलेली. तिचा माणूस जहाजावर नोकरीला जातो आणि लवकर येतो म्हणून सांगतो. पहिला अंक तिथं संपतो. दुसरा अंक सुरू होतो तेव्हा तीन वर्षं झालेली असतात, मुलगी दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाची बायको झालेली असते आणि तिच्या अंगावर करडा झगा असतो. आणि नेमकं त्या सकाळी दार वाजतं.

त्या मंडळीत मी कपडेवाली होते. शाळा माझी चौथीत सुटली, पण सुई कधी सुटली नाही. एकोणीस प्रयोग झाले आणि मी ते नाटक एकदाही पाहिलं नाही. ऐकलं. विंगेत, दोन पडद्यांच्या मधल्या बोळकांडीत, एका स्टुलावर मी बसायची. समोरच्या पडद्याच्या विणीतून दिव्यांचा उजेड गाळून यायचा, आणि त्यात धूळ अशी तरंगायची की बघता बघता आपणही तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठंतरी माणसं बोलतायत असं वाटायचं. हसू वरून यायचं. रडं वरून यायचं. टाळ्या म्हणजे पाण्यावर पाऊस. मी खाली आपली करडा झगा मांडीवर घेऊन बसलेली.

त्या झग्याला पाठीवर बावीस बटणं होती. वाटाण्याएवढी, कापडानं मढवलेली, आणि समोर दोऱ्याच्या कड्या. कंबरेपासून मानेपर्यंत. अंक पडला की नटी धावत आत यायची, पिवळा उतरवायचा, करडा चढवायचा, आणि बावीसच्या बावीस मी लावायची. तेवढा वेळ लोकांनी काय करायचं? म्हणून पियानोवर पहिल्याच गाण्याची चाल परत वाजायची. नाटक लिहिणाऱ्यानं तेवढंच लिहिलं होतं.

रंगीत तालमीला चाल संपली आणि माझी बटणं नऊ राहिली. पडदा सरकला. नटी पाठ उघडी टाकून रंगमंचावर, आणि मी आतून तिच्या आईबापांचा उद्धार केला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियानोवाला विंगेत आला. काटकुळा, कान मोठे, कोपरावर ठिगळ. ठिगळ वाईट शिवलेलं, ते मी आधी पाहिलं.

"तुम्ही बटणं लावा," तो म्हणाला. "मी तुमच्याबरोबर वाजवतो. एका बटणाला एक सूर."

"तुम्ही खाली, मी पडद्याआड. दिसणार कशी?"

"पडदा वीतभर तोकडा आहे," तो म्हणाला. "तुमचे पाय दिसतात. बटण कडीत गेलं की तुमची टाच उचलते."

मला माहीतच नव्हतं. कुणाला आपल्या टाचा माहीत असतात?

तर असं ते. त्यांनी पहिल्या गाण्याचे बावीस सूर घेतले आणि माझ्या बोटांवर सोपवले. कंबरेशी कड्या घट्ट, तिथं सूर अडखळत यायचे. मधे पाठीवर हात भरभर चालायचा, तिथं चाल पळायची. वर मानेशी आलं की नटीचे केस एका हातानं उचलायचे, पिना दातांत धरायच्या, आणि शेवटचं बटण चाचपडत शोधायचं. एकविसावा सूर तेवढा वेळ हवेत टांगलेला राहायचा. मग टाच उचलायची आणि बाविसावा यायचा. हे आपल्या सुरांच्या वहीत त्या ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं रेघा ओढून ठेवायचे. कुठं दोन रेघा चिकटून, कुठं दोन्हींच्या मधे बोटभर जागा. बावीस रेघा. लोक तोंड बघून लग्न करतात. ह्यांनी टाचा बघून केलं.

त्या रेघा धाकटीनं खोडल्या. छायाप्रती काढायच्या होत्या म्हणे, काळे डाग उमटले असते.

इतक्यावर थांबली असती तर ठीक. पण तिनं ती चालच काढून टाकली.

"आई, वाचनात कपडे बदलायचेच नाहीत," ती म्हणाली. "मग तेच गाणं परत कशाला? लोक कंटाळतील."

मी म्हटलं, "तुझं नाटक, तू बघ." आणि खोलीत गेले. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण विचारल्याशिवाय सांगायचं हे माझ्या अंगात नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ह्या जगात त्या बावीस बटणांची चाल आता फक्त माझ्यापाशी उरली होती, आणि माझ्यापाशी म्हणजे नक्की कुठं, ते मलाच ठाऊक नव्हतं. गळा म्हणाल तर माझा कावळ्यालाही लाज आणणारा. उशीला टेकून मी ती मनात वाजवून पाहिली. पाचव्या बटणापर्यंत यायची आणि विरघळून जायची.

शनिवारी दुपारी तालीम आमच्याच बैठकीच्या खोलीत झाली. टोपीवाली मुलगी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची दातांची डॉक्टरीण, आवाज मात्र मधासारखा. कडेला बसून वाचणारे निवृत्त पोस्टमन, दुसऱ्याच्या पत्रासारखं प्रत्येक वाक्य जपून हातात देणारे. मी दाराआड खुर्ची घेऊन बसले होते. सवयीनं.

पहिला अंक छान झाला. पोस्टमन म्हणाले, "पडदा. तीन वर्षं जातात. पडदा." आणि डॉक्टरीण, जी आत्ता खिदळत होती, तिनं लगेच दुःखी आवाज काढला, "आत या, दार उघडंच आहे."

माझ्या मुलाला हसू फुटलं.

"काय झालं?" धाकटी म्हणाली.

"काही नाही गं. पण ही आत्ता हसत होती ना? मला वाटलं दाढ दुखायला लागली."

"माझी नाही दुखत, मी दुसऱ्यांच्या दुखवते," डॉक्टरीण म्हणाली. पण तीही कागदाकडे बघत राहिली. "खरं सांगू का, मलाही पोचता येत नाहीये तिथं. तीन वर्षं कुठून आणू?"

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मधलं पान कुणी फाडून नेल्यासारखं. मी दाराआड जिभेवर दगड ठेवून बसले.

सगळे गेल्यावर धाकटी वही घेऊन खिडकीशी उभी राहिली. पान उजेडात तिरकं धरलं. बराच वेळ तशीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, पेन्सिल गेली, पण कागदावर दाब राहिलाय. चौदा खुणा मोजल्या मी. बाबांनी सुरांच्या डोक्यावर काहीतरी मोजलंय. चौदा कशाच्या?"

दोन दिवस मिटलेलं तोंड मी उघडलं. "बावीस."

"बावीस कशाच्या?"

"बटणांच्या. बस खाली. तोंड मिट आणि ऐक."

सांगितलं सगळं. बोळकांडी, झगा, टाचा. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. माफीबिफी मागायला लागली तेव्हा मी म्हटलं, "ते नंतर. कपाटावरचा पत्र्याचा डबा काढ."

मंडळी पांगली तेव्हा झगा जुन्या कापडात गेला, पण बटणं मी कापून घेतली होती. बावीसही. डब्यात ती अजून करडीच होती, चिमणीच्या अंड्यांसारखी. धाकटीनं तिचा एक करडा झगा पाठीवर उसवला आणि बटणं शिवायला बसली. शिवण म्हणजे काय सांगू. कड्या अशा की त्यातून मांजर जावं.

"हे काय, गुरांची दावी बांधलीस?"

"आई, मी गाणं शिकवते."

"कळतंय ते."

रविवारी सकाळी ती झगा घालून पियानोशी बसली, पाठ माझ्याकडे. मी मागं उभी राहिले. ठरलं असं की मी बटणं लावायची, आणि पाठीवर बटण बसल्याचं जाणवलं की तिनं सूर वाजवायचा. खिडकीतून ऊन तिच्या मानेवर आलं होतं. क्षणभर मला ती नटीची मान वाटली, आणि वरून, पाण्याच्या वरून, कुणीतरी खोकलं असंही वाटलं. मी पहिलं बटण धरलं.

ते कडीत जाईना. माझी बोटं तेव्हाची राहिली नाहीत, सांध्यांत गाठी आल्यात. गेलं एकदाचं. सूर वाजला. दुसरं. मग कितीतरी वेळानं तिसरं. चाल म्हणजे जिना चढणारी दमेकरी म्हातारी झाली. बाराव्या बटणाला मी हात सोडले.

"होईल आई. सावकाश."

"सावकाश नाही होत ते! मधे पळतं ते. पळायचं." मला माझाच राग आला आणि तो तिच्यावर काढायचीसुद्धा इच्छा उरली नाही, म्हणजे बघा. "जाऊ दे. गेली ती चाल. हे गेले, झगा गेला, आता बोटंही गेली. काढलीस तेच बरोबर केलंस."

ती वळली. पण माझ्या तोंडाकडे नाही, खाली बघत होती. मी खोलीत येऊन पडले आणि छताकडे बघत राहिले. माणूस गेला की लोक भेटायला येतात. चाल गेली तर कोण येणार?

वाचन पुढच्या रविवारी दुपारी होतं. धाकटीनं मला पहिल्या रांगेत अगदी कडेची खुर्ची दिली, पियानोला लागून. मी म्हटलं, मला मागं बसव, नाटक पुढून बघायची मला सवय नाही. ऐकेना. शिवाय म्हणाली, "आई, फरशी गुळगुळीत आहे, चामड्याच्या वहाणा नकोत. कापडी सपाता घाला." मला वाटलं, चला, निदान काळजी तरी करते.

सभागृहात चाळीसेक माणसं. उंच खिडक्या, पुस्तकांचा वास, छतावर कुठल्याशा पाण्याचा कवडसा हलत होता. करडा झगा घालून धाकटी पियानोशी बसली. पोस्टमननी चष्मा पुसला आणि दुकान वाचून दाखवायला लागले: डावीकडे आरसा, उजवीकडे टोप्यांची मांडणी, मधे दार, दारावर घंटा. आणि मला नवल वाटलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ते दुकान पाहिलं. समोर काहीच नव्हतं, चार माणसं आणि चार स्टँड, पण एकोणीस प्रयोग पडद्यामागं बसून जे दिसलं नाही ते आता दिसत होतं. डॉक्टरीण गायला लागली आणि तिच्या अंगावर पिवळा रंग चढला. मी पाण्याच्या वर आले होते.

पोस्टमन म्हणाले, "पडदा." मग थांबले, धाकटीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "तीन वर्षं जातात."

आता "आत या" येणार म्हणून मी मनाची तयारी केली. पण सूर आला.

एक. अडखळून दुसरा. कंबरेशी कड्या घट्ट असतात. तिसरा. माझे हात मांडीवर होते, रिकामे, गाठी आलेले, मुळीच हलत नव्हते. आणि चाल मात्र चालली होती, थेट तशीच. मधे आली तशी पळाली, सात, आठ, नऊ, दहा, माझा श्वास तिच्यामागं पळाला. हिला कुणी सांगितलं? कागदावर तर काही नव्हतं. मी धाकटीकडे बघितलं. ती कागदाकडे बघत नव्हती. पियानोच्या पट्ट्यांकडेही नाही. मान वाकवून ती जमिनीकडे बघत होती, माझ्या पायांकडे.

मी खाली बघितलं. सपातेतली माझी उजवी टाच आपली आपण उचलत होती. पंधरा. सोळा. माझी बोटं विसरली होती. टाचेला कुणी विचारलंच नव्हतं.

एकविसावा सूर आला आणि मी टाच रोखली. मुद्दाम. म्हटलं बघू या पोरीत किती दम आहे ते. सूर टांगला गेला. धाकटीचा हात हवेत थांबला. पोस्टमन थांबले, डॉक्टरीण थांबली, चाळीस माणसं थांबली, छतावरचा कवडसाही थांबला असं मला वाटलं. आणि त्या थांबण्यात मी परत बोळकांडीत होते. दातांत पिना, हातात कुणाचे तरी जड ऊबदार केस, आणि पडद्याच्या पलीकडे, वीतभर फटीतून, एक काटकुळा माणूस माझ्या पायांकडे डोळे लावून बसलेला. त्याला घाई नव्हती. एकोणीस वेळा मी ही चाल वाजवून घेतली आणि एकदाही ऐकली नव्हती, कामात होते. आज हात रिकामे होते म्हणून कळलं. बटणांपुरतं हे इतकं हळुवार कुणी वाजवत नाही. तो माणूस मला विचारत होता. रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत.

आणि शेजारून आता ही विचारत होती.

मी टाच उचलली. बाविसावा सूर आला.

डॉक्टरिणीनं काही क्षण जाऊ दिले. मग जी बोलली ती खिदळणारी मुलगी नव्हती. "आत या," ती म्हणाली, "दार उघडंच आहे." मागं कुणीतरी नाक ओढलं. माझ्या मुलानं बहुतेक. हसला होता ना.

सगळं संपलं, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. धाकटी स्टँड मिटून भिंतीला लावत होती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी हात मागं घेऊन. पाठीवरची तीन बटणं सुटलेली होती, तिच्याच शिवणीची कृपा.

"आई," ती म्हणाली, "काहीतरी बोला ना."

"पाठ कर इकडे," मी म्हटलं. ती वळली. मी ती तिन्ही लावली. वेळ लागला, पण लावली. मग खुर्चीवर बसले आणि बोलले.

"खोडरबर चालवलास ते चुकलंच. त्याला माफी नाही, आणि माझ्यात जीव आहे तोवर ते तुला ऐकून घ्यावं लागणार आहे. शिवण तर तुला कधी यायची नाही. पण ह्यांच्यानंतर माझ्या टाचांकडे बघायची अक्कल एका तुलाच आली. आता वही आण आणि पेन्सिल काढ. तो रबर आधी खिडकीतून बाहेर टाक. मी टाच उचलीन तिथं तू रेघ ओढायची. बावीस. एक जरी कमी भरली, तर पुन्हा पहिल्या बटणापासून."